मावशींचा आवाज

"गप गं माझी बाय, गप," म्हणत मावशी बाळाला जेवढं जोरात हलवत होत्या, तेवढं ते जास्तच किंचाळत होतं. बसमध्ये कंडक्टरकी करून कमावलेला आवाज. त्याच आवाजावर संस्थेकडून सांभाळायला आलेली किती परकी लेकरं या घरात झोपली होती. मावशी गायल्या की बाळ झोपतं आणि शेजारी उठतात, असं गल्लीत म्हणत.

हे लेकरू मात्र आईच्या पोटातच नशेला सरावलेलं. जन्मलं आणि नशा तुटली. आता हनुवटी थरथरायची, मुठी सुटायच्या नाहीत, दूध पोटात ठरायचं नाही. वजन वाढलं नाही तर पुन्हा दवाखान्यात न्यावं लागेल, असं नर्सनं बजावलं होतं. मावशींनी खुळखुळा वाजवला, खिडकीतलं ऊन दाखवलं, अंगाई तर घसा बसेपर्यंत गायली.

दुपारी मावशी गातच होत्या, तेवढ्यात संस्थेच्या बाई बाळाच्या आईला भेटीला घेऊन आल्या. विशीची पोर, नुसती हाडं. तिला पाहताच मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मावशी, जरा हळू बोलाल?" ती दारातूनच म्हणाली.

"आता तू शिकव मला."

"शिकवत नाही हो. नशा उतरताना आवाज सुया टोचल्यासारखा लागतो. उजेडही. माझंही तसंच झालं होतं." तिनं मान खाली घातली. "तुमचं गाणं सोसत नाहीये तिला."

मावशींनी हलवणं थांबवलं आणि बाळ खाटेवर ठेवलं. म्हणजे इतके दिवस मायेपोटी आपण या जिवाला छळतच होतो?

पोरीनं पडदा ओढला. बाळाला सुती कापडात घट्ट गुंडाळलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. ती बोलली नाही, बाळाच्या डोळ्यांत पाहिलंसुद्धा नाही. बऱ्याच वेळानं बाळ बाटली ओढू लागलं. पोरीच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण पुसायला तिनं बाळावरचा हात काढला नाही.

वेळ संपली तशी तिनं बाळ मावशींच्या हातात दिलं. "बरी झाली की गा तिच्यासाठी," ती कुजबुजली. "मला नाही येत गाता."

ती गेल्यावर मावशींचे यजमान, काका, फिरून आले. दोघांनी जन्मभर एकाच बसवर नोकरी केली होती, काका ड्रायव्हर. "दूध प्यायली का गं?" त्यांनी दारातून विचारलं.

मावशींनी तोंड उघडलं आणि मिटलं. जवळ जाऊन त्यांनी बोटानं काकांच्या तळहातावर दोनदा टकटक केलं. डबल बेल. गाडी जाऊ दे पुढे.