शंकररावांची संकष्टी

शंकररावांनी संकष्टी धरली, तेव्हा सुलोचनाबाईंना हसूच आलं. उपवासाच्या दिवशी आधी खिचडी आणि मागून पोळीभाजीही हाणणारा हा माणूस! पण मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिस सुरू झाल्यापासून ते शहाण्यासारखे वागत होते, म्हणून बाईंनी मोडता घातला नाही. उलट हौसेनं रताळ्याचा कीस केला, बटाट्याची भाजी केली, वर केळी दिली. एरवी याच बाई बटाटा उकळून पाणी फेकून द्यायच्या, केळं घरात आणत नसत. पण उपवासाचं म्हणजे हलकं, त्याला कसलं आलंय पथ्य, असं आपण सगळेच धरून चालतो.

संध्याकाळी शंकररावांना खुर्चीतून उठवेना. पायांत त्राण नाही, नाडी बोटाला लागेना. सुलोचनाबाईंनी शेजारी हाक मारली. शेजारचे जयसिंगराव धावत आले, "वहिनी, टेन्शन नका घेऊ, मी गाडी निकालतो," म्हणाले आणि स्नेहलतागंजच्या गर्दीतून त्यांनी हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टर अमिता यांनी ईसीजी बघितला आणि पहिलं विचारलं, आज खाल्लं काय? बाईंनी सांगितलं. या सगळ्यात पोटॅशियम खच्चून असतं, मूत्रपिंडं ते बाहेर टाकू शकत नाहीत आणि मग हृदयच बंद पडायला बघतं, असं इंजेक्शन देता देता अमितांनी समजावलं. रागावल्या मात्र नाहीत. लगेच डायलिसिस लावलं. बाहेर बाकावर सुलोचनाबाईंना एकच सुचत होतं, आपल्या हातचं खाऊन हा माणूस गेला तर?

आत बोलावलं तेव्हा ठोके ताळ्यावर आले होते. बाईंनी डॉक्टरांचे हात घट्ट धरले, जयसिंगरावांपुढे हात जोडले, आणि मग नवऱ्याला विचारलं, हे उपवासाचं खूळ आलं कुठून?

शंकरराव ओशाळले. "तू कधीची माझ्यासाठी संकष्टी करतेस. तुझ्यासाठी कोणीच करत नाही. म्हटलं, आपण करून बघू."

बाईंना भरून आलं. देवाकडे मागितलं होतं ते तर मिळालंच, आणि जे मागायचं कधी सुचलं नव्हतं तेही मिळालं.

"माझ्यासाठी करायचंच असेल ना, तर जेवा," त्या म्हणाल्या.

हॉस्पिटलातून मऊ भात आला. पहिला घास त्यांनी भरवला. दुसरा शंकररावांनी त्यांच्यापुढे धरला. चंद्र उगवलाय की नाही हे न बघताच सुलोचनाबाईंनी तो खाल्ला.