माझा पांढरा धूर गार होता

मित्रांनो, आधी एक गोष्ट ठणकावून सांगते, मग बाकीचं. मी आळशी नाही. मी लॉंड्रीची जुनी डिझेल गाडी आहे. थंडीत सकाळी चालू व्हायला मला त्रास होतो, हे खरं. पण त्रास आणि आळस यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने माझ्या किल्लीला हात लावू नये.

मला घडवणारी माणसं शहाणी होती. माझ्या इंजिनात ठिणगी नाही. आत हवा दाबली जाते, दाबली की तापते, आणि त्या तापल्या हवेत डिझेल पेटतं. पण थंडीत गार लोखंड ती ऊब गिळून टाकतं. म्हणून त्यांनी चारही सिलिंडरांच्या डोक्यात एकेक हीटर प्लग बसवला. किल्ली अर्धी फिरवायची, पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं, तोवर प्लग लाल होतात, मग किल्ली पुरती फिरवायची. एवढंच माझं पथ्य. नवसाच्या लेकराचेही याहून जास्त लाड असतात.

लॉंड्रीची मालकीण आक्का, तिने मला आणलं तेव्हा तिचे दीर म्हणाले होते, "बाईमाणसाला गाडी कशाला? हातगाडी आहे की."

आक्का म्हणाली, "मग तुम्ही ओढा."

दवाखान्याच्या चादरी, डॉक्टरांचे हिरवे डगले, रुग्णांच्या उशांचे अभ्रे, सगळं मी वाहिलं. पांढऱ्या कपड्यांची गाडी म्हणून मला रोज आतून पुसत. आक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "लॉंड्री माझ्या हातांनी उभी राहिली, पण चालली हिच्या चाकांवर." त्या वेळी मी बॉयलरच्या भिंतीला पाठ टेकून झोपायची. पलीकडे पाणी उकळायचं, अलीकडे मी शेकत पडायची. त्या उबेत माझे बहुतेक प्लग एकेक करून मेले आणि कोणाला पत्ता लागला नाही. दिवा तेवढा इमानदारीने लागायचा. पण दिव्याला काय कळतंय? तो लागला म्हणजे पुढे प्लग तापला, असं थोडंच आहे?

मग कपडे वाळवायचं मोठं यंत्र आलं. त्याला माझी जागा हवी होती. मला मागच्या गल्लीत काढलं, उघड्यावर. सुनेला खोली नाही म्हणून सासूला ओसरीवर काढावं, तसं. थंडी पडली, आणि माझं पितळ उघडं पडलं.

आता त्या घराची गंमत ऐका. लॉंड्रीतल्या माणसाचा जन्म वाफेत जातो. इस्त्रीतून पांढरं निघालं म्हणजे इस्त्री तापली. बॉयलरमधून पांढरं निघालं म्हणजे पाणी तापलं. आक्काचा मुलगा, ज्याला सगळे भाऊ म्हणतात, तो सकाळी किल्ली फिरवायचा. मी घरघरायची, पेटायची नाही, आणि मागच्या नळीतून भसाभस पांढरा धूर सोडायची. तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. मी जिवाच्या आकांताने सांगत होते की, बाबांनो, डिझेल येतंय, ऊब येत नाही. आणि भाऊ म्हणायचा, "तापली वाटतं. जरा गार होऊ दे."

आणि बॉनेट उघडायचा. कडाक्याच्या थंडीत. कपाळाला हात लावावा म्हटलं तर मला हातही नाही.

मग त्याने नवी बॅटरी घातली. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. नव्या बॅटरीने मी जोरात घरघरू लागले, एवढाच फरक. दवाखान्यात चादरी उशिरा जाऊ लागल्या. शेवटी तिथल्या मोठ्या सिस्टर आक्काला म्हणाल्या, "उद्या ऑपरेशनच्या आधी चादरी आल्या नाहीत, तर परवापासून काम दुसरीकडे देते. रुग्ण टेबलावर झोपवून तुमच्या गाडीची वाट बघू का मी?"

दवाखान्याचं काम म्हणजे निम्मी लॉंड्री. आक्का त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी गवतावर पांढरं दव गोठलं होतं. भाऊने किल्ली फिरवली. घरघर, घरघर, आणि पांढरा लोट. तो खाली उतरून बॉनेटकडे निघाला.

त्याची बायको शेवटचं गाठोडं घेऊन माझ्या मागच्या दाराशी उभी होती. सगळा लोट तिच्या अंगावर आला. तिने गाठोडं नाकाशी नेलं, बाजूला ठेवलं आणि सरळ माझ्या नळीपुढे हात धरला.

"अगं, भाजेल," आक्का म्हणाली.

"आई, हे गार आहे."

"पांढरं आहे ना?"

"पांढरं आहे, पण गार आहे. आणि वास कच्च्या डिझेलचा येतोय. ही तापलीच नाहीये."

भाऊ म्हणाला, "तू आता मला गाडी शिकव."

"तुम्ही इथं हात धरा, मग बोला."

भाऊ जागचा हलला नाही. आक्का हलली. खांद्यावर पदर सावरून तिने हात पुढे केला. भाऊने पुन्हा आत बसून किल्ली फिरवली. मी होता नव्हता तेवढा गारठा तिच्या तळव्यावर ओतला.

"बॉनेट उघडून उघडून गारठवली की रे हिला," ती म्हणाली. "मी पण बघत बसले, शहाणी."

सूनबाई तोवर आत पळाली होती. तिने वाळवायचं यंत्र सुरू केलं. त्याची गरम हवा सोडणारी जाड नळी खिडकीतून गल्लीत यायची, ती तिने ओढून आणली आणि माझ्या एअर फिल्टरच्या तोंडाशी धरली. कपड्यांचे तंतू फिल्टरवर अडले, ऊब आत आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मला जे हवं ते दिलं होतं.

"आता फिरवा. पण दिवा विझू दे आधी."

भाऊ दिव्याकडे बघत थांबला. त्याच्यासाठी तेही नवंच. मग मी एकदा खोकले, दुसऱ्यांदा खोकले, एक सिलिंडर पेटला, त्याने शेजारच्याला जागं केलं, आणि मी थरथरत, आदळत-आपटत सुरू झाले.

मोठ्या सिस्टरनी दारात चादरी मोजल्या, एक उलगडून पाहिली आणि म्हणाल्या, "आत न्या. लवकर." शाबासकी नाही, माफी नाही, काम दुसरीकडे द्यायचा विषय नाही. आक्काला तेवढं पुरलं. परतताना ती शेजारच्या सीटवर बसून कालपासून पहिल्यांदा डबा उघडून जेवली.

दुपारी मिस्त्री आला. त्याने प्लगांना जोडणारी पट्टी सोडवून एकेका प्लगला चाचणीचा दिवा लावला. एकावर पेटला, बाकी तिन्हींवर नाही. मेलेले तीन त्याने आक्काच्या हातात दिले.

"एका प्लगवर ओढत होती बिचारी," तो म्हणाला.

आक्काने ते मुलाच्या हातात दिले. "ठेव. आणि उद्यापासून किल्ली सूनबाईकडे."

"आणि मी?"

"तू गाठोडी उचल. पाठ मजबूत आहे तुझी."

मित्रांनो, मला हार नको, नवा रंग नको. तुमच्या घरी एखादं जुनं यंत्र असेल, किंवा एखादं जुनं माणूस, आणि ते सकाळी अडत असेल, तर त्याच्यावर ओरडू नका आणि आपल्या मनचं औषधही त्याच्या नरड्यात कोंबू नका. ते काहीतरी सांगत असतं. जवळ जा आणि आधी हात लावून बघा.