सगळीकडे उभी असलेली गायिका

मी चौतीस वर्षं ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटमध्ये इलेक्ट्रिशियनचं काम केलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची लाज किती मोठी होती ते नीट कळेल.

आमची मुलगी टेस नोकरीसाठी पर्थला गेली आणि तिची खोली रिकामी झाली. माझ्या बायकोला, जोसलिनला, तिथे शिवणयंत्र ठेवायचं होतं. मी म्हणालो, "दोघं मिळून वापरू." पहिल्या महिन्यात शिवणयंत्र कपाटात गेलं आणि दुसऱ्या महिन्यात कपाट गॅरेजमध्ये. खोलीत उरले मी स्वतः लाकूड कापून बनवलेले दोन स्पीकर, जुलैच्या थंडीत शेगडीचंही काम करणारा काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प, रेकॉर्ड प्लेअर आणि एक खुर्ची. खुर्ची एकच, कारण गाणं ऐकायची योग्य जागा एकच असते, असं मी जोसलिनला समजावून सांगितलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "म्हणजे मला बोलवायची तुला काळजी नाही."

स्पीकरला बागेतल्या नळीएवढ्या जाड वायरी आणल्या. जोसलिनने किंमत विचारली तेव्हा मी नळीचीच सांगितली.

पहिल्या दिवशी रेकॉर्ड लावली आणि मी थक्क झालो. आवाज कुठून येतोय ते कळेचना! गाणारी बाई डावीकडेही होती, उजवीकडेही होती, माझ्या मानेमागेही होती. खर्जाचे सूर तेवढे जरा बारीक वाटत होते. मग त्यामागे लागलो. स्पीकरखाली अंगणातल्या दोन फरशा आणून ठेवल्या, कोपऱ्यांत फोमचे खांब उभे केले, खुर्ची इंचाइंचाने पुढेमागे केली. खर्ज काही येईना. जोसलिनने माझ्या वाढदिवसाला चांगले हेडफोन दिले होते, खरं तर स्वतःच्या कानांना सुट्टी मिळावी म्हणून. त्यात खर्ज भरपूर यायचा आणि बाई डोक्याच्या मधोमध उभी राहून गायची. मी म्हणायचो, हेडफोनची हीच तर मर्यादा. सगळं कसं कोंडलेलं वाटतं.

आमचं एक मंडळ आहे. सहा पुरुष, सरासरी वय चौसष्ट, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमून डोळे मिटून रेकॉर्ड ऐकतात. मंडळाचा अध्यक्ष कॉन स्टाव्रू. त्याचं मासे आणि बटाट्याचे काप तळून विकायचं दुकान आहे, आणि त्याच्या कानांवर आम्हा सगळ्यांचा विश्वास. माझ्याकडे बैठक झाली तेव्हा कॉनने दहा मिनिटं ऐकलं, डोळे उघडले आणि म्हणाला, "नेव, लेका, भिंतीच गायब केल्यास की तू!"

मग काय, मला आभाळ ठेंगणं झालं. मंडळाच्या पत्रकात मी दोन पानी लेख लिहिला. त्याचा विषय 'ध्वनीतील अवकाश'. त्यात 'सामान्य कानाला' हे शब्द चार वेळा आले होते.

अशी दोन वर्षं गेली. मग गेल्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई, उना, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे आमच्याकडे राहायला आल्या. वय त्र्याऐंशी. तरुणपणी त्यांनी इथल्या गाण्याच्या स्पर्धांमध्ये वीस वर्षं पियानोची साथ केली होती. एका दुपारी जोसलिन कामावर असताना मी मोठ्या मनाने त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. चहा दिला, वर लॅमिंग्टन केकचा एक तुकडा दिला, आणि माझी सगळ्यात लाडकी रेकॉर्ड लावली. एक गायिका, सोबत फक्त पियानो.

उनाने लॅमिंग्टनवरचं खोबरं झटकत अर्धं गाणं ऐकलं. मग विचारलं, "नेव्हिल, ही बाई उभी कुठेय?"

"सगळीकडे!" मी आनंदाने म्हणालो.

"सगळीकडे वास असतो, बाळा. माणूस एका जागी असतो."

मी हसलो. अवकाश म्हणजे काय, प्रतिध्वनी कसे पसरतात, हे त्यांना सोपं करून सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आणि पियानोवाल्याला डावा हात नाहीये का?"

"खर्जाचं थोडं काम बाकी आहे."

"आमच्या सभागृहात एकदा नवे कर्णे बसवले होते. अगदी असंच ऐकू यायचं. मग शिपायाने एका कर्ण्याच्या तारा अदलाबदल केल्या आणि सगळं जागेवर आलं."

"उना, मी इलेक्ट्रिशियन आहे," मी म्हणालो.

"कर्णे बसवणाराही इलेक्ट्रिशियनच होता," त्या म्हणाल्या, आणि उरलेला चहा संपवला.

तीन दिवस मी त्यांच्याशी हवापाण्याच्या पलीकडे बोललो नाही. चौथ्या दिवशी त्या व्यायामासाठी रुग्णालयात गेल्या, तेव्हा खोलीचं दार लावून घेतलं, गुडघे टेकले आणि उजव्या स्पीकरच्या मागे बॅटरी मारली.

लाल वायर काळ्या खुंटीला होती. काळी लालला.

मला तो दिवस स्पष्ट आठवला. बॅटरी काखेत धरून मी वायर जोडत होतो आणि कानाशी दाबलेल्या फोनवर कॉनला सांगत होतो की तपशिलात गेल्याशिवाय या छंदात मजा नाही. दोन्ही स्पीकर दोन वर्षं हवा एकमेकांच्या उलट ढकलत होते. एकाने पुढे केलेला खर्ज दुसरा मागे ओढत होता. कुठल्याही ग्राहकाच्या घरी मी हे पंधरा सेकंदांत पकडलं असतं आणि त्याला वर चार गोष्टी सुनावल्या असत्या.

वायरींची अदलाबदल केली. तीच रेकॉर्ड लावली.

बाई समोर उभी होती. दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, माझ्या खांद्याच्या उंचीवर, जरा डावीकडे मान वळवून. तिने श्वास घेतला तो मला ऐकू आला. तिच्यामागे पियानो, आणि पियानोवाल्याचा डावा हात खणखणीत शाबूत. मी खाली फरशीवरच बसून होतो, उठायचं भानच राहिलं नाही. हसू येत होतं आणि रडूही. गाणं संपलं तेव्हा दाराबाहेर चाकांचा वॉकर वाजला. उना परत आल्या होत्या.

"आली का बाई?" त्यांनी विचारलं.

"आली," मी म्हणालो.

कान टोचायला सोनारच लागतो म्हणतात ते खोटं नाही.

आता प्रश्न होता मंडळाचा. खरं सांगतो, गप्प बसायचा माझा पूर्ण विचार होता. पुढची बैठक माझ्याकडेच होती. सगळे आले, ऐकलं, आणि एकेकाचे चेहरे पडले.

"काय केलंस रे?" कॉन म्हणाला. "जादू गेली. सगळं मध्येच येऊन बसलंय."

"व्हॉल्व्ह बदललेस का?" दुसऱ्याने विचारलं.

"थंडीमुळे असेल," मी पुटपुटलो.

तेवढ्यात उना वॉकर ढकलत आत आल्या. वॉकरच्या टोपलीत बिस्किटांचा डबा होता. कॉनने त्यांनाही विचारलं, "तुम्हीच सांगा, आधीचं चांगलं होतं की नाही?"

"मला बाबा यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "नेव्हिलला विचारा. त्याने काहीतरी दुरुस्त केलंय." आणि माझ्याकडे बघून डबा पुढे केला.

मग गप्प बसणं मला जमलंच नाही. बोललो. लाल, काळी, दोन वर्षं, सगळं. कुणीतरी खो खो हसेल असं वाटलं होतं. कुणी हसलं नाही, कारण पाचही जणांनी माझ्या लेखाची तारीफ केली होती. कॉनचा चेहरा मात्र तळणीत टाकलेल्या माशासारखा झाला.

"नेव," तो हळूच म्हणाला, "मी भिंत पाडली."

"कुठली भिंत?"

"माझ्या घरातली! बैठकीची खोली आणि जेवणाची खोली यांच्यातली! तुझ्यासारखा अवकाश मिळावा म्हणून! बायकोला सांगितलं, भिंतीत वाळवी आहे!"

तो जॅकेट उचलून निघून गेला. महिनाभर त्याने माझा फोन उचलला नाही. मी दुकानात गेलो तर त्याने मला एका शब्दाविना काप बांधून दिले, आणि मीठ घातलं नाही.

शेवटी मी हत्यारांची पेटी घेऊन सरळ त्याच्या घरी गेलो. दार त्याच्या बायकोने, वूलाने, उघडलं. पाडलेल्या भिंतीतल्या दिव्यांच्या तारा अजून छतातून लोंबत होत्या.

"तूच का ती वाळवी?" ती म्हणाली.

दोन शनिवार मी तिथे फुकट राबलो. नवे दिवे, नवी बटणं. प्रत्येक तार दोनदा तपासली, वूला पाठीशी उभी राहून तिसऱ्यांदा तपासायला लावायची. दुसऱ्या शनिवारी उनाला सोबत नेलं. त्या आता काठीवर चालत होत्या. त्यांनी त्या लांबलचक खोलीच्या मध्यावर उभं राहून दोनदा टाळी वाजवली आणि म्हणाल्या, "भिंत गेली ते फार बरं झालं. इथे माणसाचा आवाज भरतो."

कॉनने मान वळवली. "खरंच?"

"मी खोटं कशाला बोलू? मला तुझ्याकडून काय, मासे फुकट मिळणारेत?"

मिळाले, अर्थात. त्या संध्याकाळी जेवणाचं टेबल त्याच खोलीत होतं, स्पीकरपासून चार पावलांवर. कॉनने वडिलांची एक जुनी ग्रीक रेकॉर्ड लावली. वूला कधीही त्याच्या ऐकण्याच्या खोलीत बसली नव्हती. कॉन सांगायचा, तिला आवड नाही. आता वाढताना ती थांबली, खुर्ची ओढून बसली आणि रेकॉर्डबरोबर गाऊ लागली. आवाज मोठा, सूर जरा खाली, आणि रेकॉर्डमधला गायक पार झाकून गेला. उनाने टेबलावर बोटांनी साथ धरली.

कॉनने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. तिला गप्प राहा म्हणायची आम्हा दोघांचीही छाती झाली नाही. कॉनने उठून आवाज थोडा कमी केला, रेकॉर्डचा.