पथ्याची पाळत

माईंनी उकडलेल्या बटाट्यांचं पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं आणि त्याच फोडी नव्या पाण्यात घालून पुन्हा गॅसवर चढवल्या. फोडी कागदासारख्या पातळ होत्या. सकाळपासून कोमट पाण्यात भिजत पडलेल्या, एकदा उकळलेल्या, आता दुसऱ्यांदा उकळायला निघालेल्या. मूत्रपिंडं थकलेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम साचतं, ते भाजीतून असं पाण्यात उतरवून ओतून द्यायचं, हे डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं. माईंना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नव्हतं.

फोन वाजला तेव्हा त्यांच्या हातात झारा होता.

"लॅबमधून बोलतोय. तुमच्या पेशंटचं पोटॅशियम फार वाढलंय. त्यांना लगेच हॉस्पिटलमध्ये घेऊन या."

"आमच्याकडे कसं वाढेल?" माई म्हणाल्या. "मी तर सगळं पाणी ओतून देते."

पलीकडच्या माणसाला त्याचं काय! त्यानं पुन्हा तेच सांगितलं, या वेळी जरा सावकाश.

हॉस्पिटलमध्ये त्यांच्या नवऱ्याच्या छातीला तारा लावल्या, दंडात इंजेक्शन दिलं, रेतीसारखी पूड पाण्यात कालवून प्यायला लावली. ते पलंगावर निमूट पडून होते. मोहल्ल्यात त्यांना सगळे रसवाले म्हणत. तरुणपणी हातगाडीवर संत्र्यांचा रस काढायला सुरुवात केली, पुढे कोपऱ्यावर दुकान झालं, धाकटा भाऊ हाताशी आला. माल आला की पहिला चमचाभर रस स्वतः चाखायचा आणि मगच फळी उघडायची, असा त्यांचा शिरस्ता. दुखणं निघाल्यापासून चाखायचं काम भावाकडे गेलं होतं.

"पोटॅशियम एवढं चढलं की हृदय आगाऊ कळवून थांबत नाही," डॉक्टर म्हणाले. वयानं लहान होते, पण आवाज जपून लावत. "केळं, संत्रं, नारळपाणी, टोमॅटो... काही खाण्यात आलं होतं का?"

"नाही."

"तुम्ही काम काय करता?"

"रसाचं दुकान आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माईंनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि डॉक्टर पडद्याबाहेर जाईपर्यंतच त्यांचा धीर टिकला.

"अहो, खरं सांगा."

"खरंच सांगतोय. थेंब घेतलेला नाही. तुझी शपथ."

"माझी शपथ घेऊन मला आणखी घाबरवू नका."

रसवाले हसले. त्यांना कशावरही हसू यायचं. घरातही ताट पुढ्यात आलं की म्हणायचे, "बटाटा कुठाय यात? तू तर त्याचं भूत वाढलंयस." माईंनाही हसू यायचं, पण त्या ते पदरात लपवत. आज त्या हसल्या नाहीत.

दीर संध्याकाळी आला, तर माईंनी त्याला तिथेच, पलंगाच्या पायथ्याशी धारेवर धरलं.

"वहिनी, दादा ग्लास विसळतात, गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात. दिवसभरात पितात तो अर्धा कप चहा."

"भाऊजी, तुम्ही त्यांच्यावर पांघरूण घालताय."

"कशाला घालू? मला काय भाऊ नकोसा झालाय?"

"मग काय माझ्या स्वयंपाकातून वाढलं?"

माईंच्या स्वयंपाकाला नाव ठेवायची छाती घरात कोणाची नव्हती. टोमॅटो हद्दपार, पालेभाजी हद्दपार, डाळ मोजून. नवऱ्याला जे नाही ते त्यांनी स्वतःच्या ताटातही घेणं सोडलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी एकच धोशा लावला. दुकानात जायचं नाही. रसवाल्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ आला तेव्हा त्यांनी खुंटीवरच्या दुकानाच्या किल्ल्या काढून त्याच्या हातात दिल्या आणि वरच्या कडीला तेल घालायला सांगितलं. एवढंच.

मग ते गॅलरीतल्या खुर्चीत बसू लागले. खालून कोणी हाक मारली, "काय रसवाले, सुट्टी का?" की हात हलवायचे. बसल्या बसल्या उजव्या हाताची मूठ वळायची, सुटायची. माई आतून बघत. त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली होती. सदऱ्याचे खिसे चाचपत. ते जिन्यावरून फेरी मारून आले की काहीतरी निमित्त काढून जवळ जात आणि श्वास घेत. एकदा ते वर आले, दारातच थांबले, आणि माई पुढे यायच्या आत त्यांनी तोंड उघडलं.

"घे. वास घे."

माईंनी घेतला. औषधाचा वास होता, बाकी काही नाही. मग माई दूध बघायला म्हणून आत गेल्या. दूध तापायला ठेवलेलंच नव्हतं.

भावाला एकट्याला दुकान झेपेना. गिऱ्हाईक यायचं ते रसाइतकंच दादांच्या गप्पांसाठी. त्यानं महिनाअखेरीला येऊन, मान खाली घालून सांगितलं की जागा मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या एकाला दिली, आणि रस काढायचं यंत्र भंगारात न घालता आपल्या घरी नेऊन ठेवलंय.

"बरं केलंस," रसवाले म्हणाले. "गंजू देऊ नको."

पुढच्या तपासणीत पोटॅशियम पुन्हा वर होतं.

माईंनी हात टेकले. दुकान नाही, संत्रं नाही, नवरा दिवसभर डोळ्यांसमोर. संशय घ्यायला आता माणूसच उरला नव्हता. तरी त्यांनी शेजारीणबाईंवर घेतला, सुट्टीत येऊन गेलेल्या लेकीवर घेतला, लेकीला फोनवर रडवलं, आणि फोन ठेवल्यावर स्वतः रडल्या. भाज्या आता तीनदा उकळू लागल्या. फोडींना ना रंग राहिला, ना चव. रसवाले जेवताना मध्येच घास थांबवत. "जरा कडवट लागतंय," म्हणत. माई म्हणत, "तुमच्या जिभेला दुखण्याची चव लागलीय." मग ते जेवत.

डॉक्टरांनी या खेपेला नवऱ्याला पुन्हा तपासणीसाठी रक्त द्यायला पाठवलं आणि माईंना आहाराच्या बाईंकडे. छोटीशी खोली, टेबलावर प्लास्टिकची खोटी फळं मांडलेली. बाई सावळ्या, शांत, घाई नसलेल्या. त्यांनी सकाळपासून रात्रीपर्यंतचं सगळं विचारलं, आणि माई सांगत गेल्या. बाई मधून मधून म्हणायच्या, "छान. अगदी बरोबर करता." कोणीतरी छान म्हणतंय हे ऐकून माई आणखी बारकाईनं सांगू लागल्या.

"आणि मीठ?"

"मीठ तर आम्ही कधीच बदललं," माई जरा ताठ बसून म्हणाल्या. "यांचं ब्लडप्रेशर आहे ना. साधं मीठ घरात नाही. ते कमी सोडियमचं येतं, पाकिटावर हृदयाचं चित्र असतं, तेच आणते. महाग आहे, पण आणते. उकळून उकळून भाजी अगदी पांचट होते हो, म्हणून ते जरा सढळ हातानं घालते. साधं थोडंच आहे?"

बाईंनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"माई, त्या मिठात सोडियम कमी करतात, आणि त्याच्या जागी पोटॅशियम घालतात."

माईंना वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"दुसऱ्यांना चालतं ते. मूत्रपिंडाच्या माणसाला नाही. पुष्कळांचं असं होतं, पाकीट बघून कोणाला कळणार? आज बंद करा. साधंच वापरा, अगदी थोडं. फरक पडेल."

"पण मी पाणी ओतून देत होते," माई म्हणाल्या.

"हो."

"तीन तीनदा."

"हो, माई."

बाहेर लांब बाकावर रसवाले दंडावर कापसाचा बोळा दाबून बसले होते. पुढे डॉक्टरांच्या खोलीत नंबर पुकारले जात होते. माई त्यांच्या शेजारी बसल्या. पिशवी मांडीवर घेतली, तिचे बंद सरळ केले.

"काय म्हणाल्या बाई?"

माईंनी सांगितलं. सगळं, जसंच्या तसं. मिठाचं, पोटॅशियमचं, सढळ हाताचं. आवाज कापत नव्हता. त्याला कापायला बळच नव्हतं. "तुमचं काही चुकलं नव्हतं," त्या शेवटी म्हणाल्या. "मीच रोज वाढत होते. आणि तुमचं दुकान..."

त्यांनी पिशवीचे बंद पुन्हा सरळ केले.

रसवाल्यांनी कापूस उचलून बघितला. रक्त थांबलं होतं. तरी बोळा परत तिथेच दाबला.

"मी प्यायचो गं," ते म्हणाले.

"काय?"

"संत्र्याचा रस. भावाला सुट्टे आणायला पिटाळायचो, आणि तेवढ्यात घ्यायचो. राहवायचं नाही."

"किती?"

"असेल अर्धा ग्लास. कधी एक."

ते माईंकडे बघत नव्हते. समोरच्या भिंतीवर आग लागली तर काय करावं याचा तक्ता होता, तो वाचत होते.

"आणि माझी शपथ?"

"ती खोटी."

मग दुकान गेल्यावरही वाढलं ते कसं, एवढंच विचारायचं राहिलं होतं. प्रश्न माईंच्या अगदी ओठांवर आला. रसवालेही जणू त्याची वाट बघत होते. त्यांचा अंगठा कापसावर घट्ट झाला होता.

माईंनी पदरानं नाक पुसलं.

"लाज नाही वाटली तुम्हाला?" त्या म्हणाल्या. पहिले शब्द घोगरे निघाले, पुढचे जरा बरे. "केस पिकले, आणि चोरून रस पिता? मी इथे जीव टांगणीला लावून बसलेय, आणि तुम्ही भावाला सुट्टे आणायला पाठवता?"

"चुकलं."

"चुकलं म्हणून भागतं का?"

बाकावरची माणसं वळून बघू लागली. रसवाले मान हलवत होते, एकेक शब्द नीट झेलून घेत होते. आतून त्यांचा नंबर पुकारला. माईंनी पिशवी खांद्याला लावली, त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं, आणि दारापर्यंत त्या बोलतच राहिल्या.