पीटरचं पान

दुसऱ्यांचं ऐकून घेण्यातच माझा जन्म गेला. आज दोन शब्द माझेही ऐका. मी टेपरेकॉर्डर बोलतोय. आकाराने चष्म्याच्या डबीएवढा.

जपानच्या कारखान्यात जन्मलो आणि लेस्टरच्या एका दुकानातून धम्मशीलाबाईंच्या घरी आलो. बाई मूळच्या नागपूरच्या. डॉक्टर टेपवर पत्रं सांगत, ती ऐकून टाइप करायची, हे त्यांचं हॉस्पिटलातलं काम. कान इतका तयार, की डॉक्टर पुटपुटला तरी अक्षर सुटायचं नाही.

शेजारी गॉडफ्रे चिसालो राहत. आफ्रिकेतल्या त्यांच्या देशातले मोठे पुढारी. तुरुंग भोगून इथे आश्रयाला आलेले. बाईंचे यजमान हरिदास वारले तेव्हा हा माणूस तीन दिवस काठी टेकत येऊन नुसता बसून राहिला होता. पुढे त्यांचे हात थरथरू लागले आणि आत्मचरित्र लिहायचं अडलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही बोला. मी टाइप करते."

दोन वर्षं दर रविवारी मी चिसालोंच्या मांडीवर असायचो. शाळा, संप, सभा, सगळं ऐकलं. मग एका रविवारी ते पीटरबद्दल बोलले. पीटर म्हणजे विद्यापीठातला त्यांचा जिवलग मित्र.

"पोलिसांनी तीन दिवस झोपू दिलं नाही. चौथ्या दिवशी मी पीटरचं नाव सांगितलं. पत्रकं त्याच्या खोलीत छापतात, हेही सांगितलं."

पीटरला वसतिगृहातून उचललं. तो परत आला नाही.

बाईंनी शब्दन् शब्द टाइप केला. पण छपाईला जाण्याआधी चिसालोंनी तेवढं प्रकरण काढून टाकायला सांगितलं.

"मग हे पुस्तक लिहिलंत कुणासाठी?" बाईंनी विचारलं.

"प्रकाशन आमच्याच विद्यापीठात आहे. पीटरची बहीण ग्रेस तिथे ग्रंथपाल आहे. तिच्यासमोर हे? माझ्याच्याने नाही होणार."

बाईंनी ती पानं काढून घेतली.

२००६च्या मे महिन्यात समारंभ झाला. डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केली होती. म्हणून चिसालो खाटेवर, फोन स्पीकरवर आणि आवाज टिपायला उशाशी मी. बाई आणि त्यांची मुलगी कस्तुरी जवळ बसल्या होत्या. तिकडे कुलगुरूंचं भाषण झालं, टाळ्या झाल्या. मग एका स्त्रीचा आवाज आला.

"मी ग्रेस. पुस्तक वाचलं. चारशे पानांत माझ्या भावाचं नाव एकदाही का नाही?"

चिसालोंनी डोळे मिटले. वाटलं, आता फोन ठेवतील. पण ते बोलू लागले. पोलीस, तीन दिवस, पीटरची खोली, काही लपवलं नाही. पांघरुणाची कड मुठीत घट्ट धरली होती.

"ग्रेस, ऐकतेस ना?"

पलीकडून काहीच नाही.

कस्तुरी इथेच जन्मलेली, मराठी जरा कच्चं. तिने फोन कानाला लावला आणि हळूच म्हणाली, "आई, लाइन केव्हाच कट झाला."

पुन्हा फोन लागलाच नाही. बाईंनी माझ्या पोटातली टेप काढून विचारलं, "ही पाठवू ग्रेसला?" चिसालोंनी होकारार्थी मान हलवली. आठ दिवसांत ते गेले.

उत्तर ऑगस्टमध्ये आलं. शेजारच्या घरावर तेव्हा विक्रीची पाटी लागली होती. पाकिटावर पत्ता बाईंचा, पण नाव चिसालोंचं होतं. बाईंनी ते स्वयंपाकघरात उभ्यानेच मोठ्याने वाचलं.

"टेप मिळाली. आई वाट बघत बघत गेली. तिला हे ऐकवता आलं असतं तर बरं झालं असतं. माफ केलं, असं मला लिहवत नाही. पण तब्येतीला जपा. पीटर तुमच्याशी शेवटचं काय बोलला, तुरुंगात त्याला कधी पाहिलंत का, असं पुष्कळ विचारायचंय. डिसेंबरात मी तिकडे येते."

बाई खुर्चीत बसल्या. मग कागद ओढून त्यांनी 'प्रिय ग्रेस' लिहिलं, आणि पुढची ओळ लिहायला त्यांना अख्खी दुपार लागली.

आता मी कपाटात आहे. माझं बटण अडतं, टेपही कुठे मिळत नाहीत. त्याचं दुःख नाही. एकच मागणं आहे. कुणाला काही सांगायचं राहिलं असेल, तर त्याच्यासमोर जाऊन बसा, माझ्यावर सोपवू नका. मी आवाज सांभाळून ठेवतो. पण कुणी काही विचारलं, तर उत्तर मला देता येत नाही.