चांदीच्या हत्तींची दुनळी

गरिकायला शिकाऱ्याचा पक्का परवाना मिळाला तेव्हा त्याच्याकडे स्वतःची बंदूक नव्हती. सहा वर्षं त्यानं म्हाताऱ्या ट्रॅव्हर्सच्या हाताखाली उमेदवारी केली होती आणि तेवढी वर्षं तो सफारी कंपनीची साधी एकनळी रायफल वापरत आला होता. ती काही वाईट नव्हती. पण गिऱ्हाइकाला घेऊन रानरेड्याच्या मागावर जाळीत शिरणाऱ्या माणसाच्या खांद्यावर दुनळी हवी, असं झांबेझीच्या खोऱ्यात सगळेच मानत. अंगावर आलेल्या जनावराला मागोमाग दोन गोळ्या घालता येतात, मध्ये काडतूस चढवायला हात हलवावा लागत नाही, हे त्याचं सांगण्यासारखं कारण. दुसरं कारण कुणी बोलून दाखवत नसे. दुनळीवाला तो शिकारी, बाकीचे त्याच्या मागून चालणारे.

त्याच वर्षी ट्रॅव्हर्स वारला. महिन्याभरानं त्याच्या बायकोनं कारोईहून निरोप धाडला, की नवऱ्याची दुनळी विकायची आहे आणि ती आधी गरिकायनं बघावी. गरिकाय सेकुरूंना बरोबर घेऊन गेला. सेकुरू म्हणजे त्याचे सख्खे मामा, दाकाराय. ट्रॅव्हर्सच्या पुढं चालून माग काढायचा आणि गरज पडेपर्यंत ही बंदूक वाहायची, हे काम त्यांनी बावीस वर्षं केलं होतं. उमेदवारीलाही गरिकायला त्यांनीच चिकटवलं होतं.

मिसेस ट्रॅव्हर्सनं बंदूक जेवणाच्या टेबलावर ठेवली. नळ्यांचा काळा रंग हाताच्या घामानं उडून गेला होता. दस्त्याला एक तडा होता, त्यावर पितळी तार गुंडाळलेली. नक्षी म्हणून कुठं एक रेघही नव्हती.

"डोळे मीट," सेकुरू म्हणाले. "आता खांद्याला लाव. नीट लागली असं वाटलं की उघड."

गरिकायनं डोळे मिटले, बंदूक उचलली, खांद्याला लावली आणि डोळे उघडले. नळीच्या टोकावरची नेमाची माशी मागच्या खाचेत बरोबर मधोमध बसली होती.

"झालं की," सेकुरू हसले. "बायको बघायला गेल्यावर मुलगी आपण होऊन पाणी घेऊन पुढं आली, असं समज. आणखी काय बघायचं?"

गरिकायनं विचार करून सांगतो म्हटलं. त्याला बंदूक आवडली नव्हती असं नाही. पण कंपनीच्या तळावर सहा शिकारी होते, सगळे गोरे, आणि त्यांच्या दुनळ्या त्यानं पुसलेल्या होत्या. त्यांच्यात आपण तार गुंडाळलेली, मेलेल्या मालकाची बंदूक घेऊन बसलोय, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून जाईना. परवान्याच्या परीक्षेनंतर त्यांच्यातलाच एकजण दुसऱ्याला म्हणाला होता, "पोरगा चांगलाय, पण गिऱ्हाइकाला वाटेल बंदूक वाहणाराच आलाय." ते त्यानं ऐकलं होतं.

पुढच्या आठवड्यात हरारेच्या दुकानात त्यानं दुसरी दुनळी पाहिली. ट्रॅव्हर्सची चारशे सत्तर बोअरची, तर ही पाचशे सत्त्याहत्तरची. काडतूस अंगठ्याएवढं जाड. दोन्ही बाजूंना चांदीच्या पट्ट्या आणि त्यांवर कोरलेले हत्ती, एकाची सोंड वर, एकाची खाली. दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड असं, की जणू आत मध ओतलाय. वजन सहा किलोच्या वर.

सेकुरूंनी इथंही डोळे मिटायला लावले. गरिकायनं डोळे उघडले तेव्हा त्याला माशी दिसलीच नाही, नळीची उजवी कड दिसली. त्यानं मान जराशी पुढं काढली, मग दिसली.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"मान कशाला काढलीस?"

"नाही काढली."

"भाचेबुवा, मी म्हातारा आहे, आंधळा नाही. दस्ता दोन बोटं लांब आहे तुला. काखेत अडकेल."

दुकानदार मध्ये पडला. म्हणाला, दस्ता कापून घेता येतो, आठवड्याचं काम. गरिकायनं त्या लाकडाकडे पाहिलं. त्याच्या मागची रेषांची नागमोड नेमकी टोकाला येऊन संपत होती. कापायचं म्हणजे तीच जाणार. "सवय होईल," तो म्हणाला.

दुकानामागच्या मैदानात बार टाकून बघायची सोय होती. चौथ्या बाराला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दोन नळ्यांच्या दोन चापांपैकी पुढच्यावरून मागच्यावर आपटून बोट सोललं. पाचवं काडतूस त्यानं खिशात टाकलं. काडतुसं महाग आहेत, उगाच कशाला, असं तो म्हणाला.

बाहेर आल्यावर सेकुरूंनी त्याचा दंड धरला. "ऐक माझं. हिचा धक्का तुला सोसत नाही. सोसत नाही यात लाज नाही, मलाही सोसला नसता. ट्रॅव्हर्सची घे."

तेव्हा गरिकाय जे बोलला ते पुढं त्याला कितीतरी वेळा आठवणार होतं. तो म्हणाला, "सेकुरू, तुम्ही बावीस वर्षं बंदूक वाहिलीत. चालवली नाहीत. चालवणाऱ्याला काय लागतं ते चालवणाऱ्याला ठरवू द्या."

सेकुरूंनी दंड सोडला. "खरं आहे," एवढंच म्हणाले, आणि बसथांब्यापर्यंत दोन पावलं मागून चालले. वाटेत गरिकायनं त्यांच्यासाठी भाजलेली कणसं घेतली. त्यांनी ती खाल्ली.

गरिकायनं वडिलांची गुरं विकून ती दुनळी आणली. तळावर सगळ्यांनी ती हातात घेऊन पाहिली. ज्यानं ते वाक्य टाकलं होतं त्यानंही पट्टीवरच्या हत्तीवरून अंगठा फिरवला. ट्रॅव्हर्सची बंदूक पुढं बुलावायोच्या कुणा शेतकऱ्यानं नेली, असं कानावर आलं.

हंगामातलं तिसरं गिऱ्हाईक लिंडक्विस्ट नावाचा स्वीडनचा माणूस होता. साठीचा, गमत्या, पण घाईचा. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं एका म्हाताऱ्या रेड्यावर गोळी झाडली ती पोटात, मागं लागली. रेडा रक्त सांडत काटेरी जाळीत गेला. जखमी जनावर सोडून यायचं नसतं, ते शिकाऱ्यानं संपवायचं असतं. अर्धा तास थांबून ते आत शिरले. पुढं सेकुरू, हातातली राखेची पुरचुंडी हलवून वारा बघत. त्यांच्या डाव्या अंगाला एक पाऊल मागं गरिकाय. उजवीकडे उद्यानखात्याची पहारेकरी शामिसो. प्रत्येक शिकारीवर खात्याचा एक माणूस असतोच, तशी ती आली होती, तिशीची, कमी बोलणारी, खात्याची जुनी एकनळी घेऊन. लिंडक्विस्ट सगळ्यांच्या मागं.

रेडा वळसा घालून आपल्याच मागाच्या कडेला उभा होता. सेकुरूंनी हात वर केला आणि त्याच क्षणी डावीकडची जाळी फुटली. वीस पावलं असतील. सेकुरू शिकवल्याप्रमाणे उजवीकडे सरले, म्हणजे गरिकायला समोर मोकळं मिळावं.

गरिकायनं दुनळी उचलली. दस्त्याचं टोक काखेतल्या शर्टात अडकलं. त्यानं हिसका दिला, पण ते खांद्यापर्यंत आलंच नाही, दंडावरच टेकलं. रेड्याचं नाक त्याला दिसत होतं, ओलं, वर केलेलं. त्यानं चाप ओढला. धक्क्यानं हात मागं सरकला, बोट मागच्या चापावर आदळलं आणि दोन्ही नळ्या एकदम उडाल्या. तो उताणा काट्यांत पडला. गोळ्या कुठं गेल्या ते कुणालाच कधी कळलं नाही. रेडा त्याच्या शेजारून गेला आणि सेकुरूंवर आदळला.

शामिसोनं दोन गोळ्या घातल्या. पहिली मानेत, दुसरी जवळ जाऊन कानामागं. रेडा सेकुरूंच्या पायांवरच कोसळला.

लिंडक्विस्ट पहिल्या आवाजालाच जमिनीवर तोंड दाबून पडला होता. त्यानं मान वर केली तेव्हा त्याला मेलेला रेडा दिसला आणि नळ्यांतून धूर निघणारी दुनळी हातात घेऊन उठणारा गरिकाय दिसला. "काय तोफ आहे ही," तो म्हणाला. "तू वाचवलंस सगळ्यांना."

गरिकाय तेव्हा काही बोलला नाही. सेकुरूंची मांडी मोडली होती, हाड बाहेर आलं होतं. ओढून रेडा बाजूला करायचा होता, फळी बांधायची होती, गाडी आणायची होती. बोलायला वेळ नव्हता, हे खरंच होतं. दुसऱ्या दिवशी मात्र वेळ होता. सेकुरूंना चिन्होयीच्या इस्पितळात पोचवून तो तळावर परतला, तर लिंडक्विस्टनं सगळ्यांना गोष्ट सांगून झाली होती. जेवणाला बसल्यावर शिकाऱ्यांनी ग्लास उचलले. कुणीतरी त्याची पाठ थोपटली, नेमकी निळ्या पडलेल्या दंडाच्या बाजूनं. गरिकायनं ग्लास उचलला आणि प्याला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शामिसो निघाली. जीपजवळ तिनं त्याला गाठलं. "माझी दोन काडतुसं गेली. मला ती कागदावर लिहावी लागतात. तुझं काय लिहू?"

"एकदम आवाज झाले सगळे," तो म्हणाला. "नीट काही कळलं नाही."

"मला कळलं," ती म्हणाली. मग पेन उघडून तिनं लिहिलं, शिकाऱ्यानेही दोन झाडल्या. "यात खोटं काही नाही. तळावर हा कागद कुणी वाचत नाही, काळजी करू नको."

तिनं ते टोमणा मारायला म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती खरोखरच त्याची समजूत काढत होती.

पाच दिवसांनी तो इस्पितळात गेला. कंपनीचा मालक फेरेरा त्याच्या आधीच आला होता. वॉर्डाचं दार उघडं होतं आणि आतलं बोलणं बाहेर येत होतं.

"रेडा जवळ आला होता ना फार?" फेरेरा विचारत होता.

"जवळ म्हणजे, त्याचा श्वास कळत होता," सेकुरूंचा आवाज. "पण पोरानं वेळेवर बार टाकला. नाहीतर मी आज इथं तुमच्याशी बोलत नसतो. ट्रॅव्हर्स असता तर त्यानंही असाच टाकला असता."

गरिकाय दाराबाहेर उभा होता. हातात संत्र्यांची पिशवी होती. आपली कानशिलं तापली आहेत, हे त्याला समोरून आलेल्या नर्सच्या नजरेवरून कळलं. तो तसाच मागं फिरला आणि पायऱ्यांवर जाऊन बसला. ज्या माणसाला आपण 'तुम्ही चालवली नाहीत' म्हणून सुनावलं, तो मोडकी मांडी टांगून घेऊन आपल्या चालवण्याची ग्वाही देत होता. आत जायचं धाडस त्याला झालं नाही. संत्री त्यानं नर्सकडे दिली.

परतताना तो फेरेराच्या गाडीत बसला. तास-दीड तास दोघं रस्त्याबद्दल आणि डिझेलबद्दल बोलले. मग गरिकायनं सगळं सांगितलं. दस्ता, काख, दोन्ही नळ्या, शामिसोच्या गोळ्या.

फेरेरानं गाडी कडेला घेतली. "मग म्हातारा मघाशी खोटं बोलला?"

"माझ्यासाठी."

फेरेरानं चाकावर बोटं वाजवली. "गिऱ्हाईक खूश होऊन गेलंय," तो म्हणाला. "मी कुणाला सांगायला जाणार नाही. पण या हंगामात तू परत रेड्यामागं जायचं नाहीस. हरणं कर. लोक विचारतील का, तर काय सांगायचं ते तुझं तू बघ."

त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर गरिकायनं ते सांगितलं. सहाही जण ऐकत होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर त्याला निदान त्यांच्यावर चिडता आलं असतं. शेवटी ज्यानं त्याला बंदूक वाहणारा म्हटलं होतं त्यानंच विचारलं, अगदी साध्या आवाजात, कारागीर कारागिराला विचारतो तसं, "पण दस्ता लांब आहे हे कळलं होतं ना? मग कापून का नाही घेतला?"

"लाकूड सुंदर होतं," गरिकाय म्हणाला.

त्या माणसानं मान खाली घातली आणि ताटातलं मांस बारीक बारीक कापत बसला.

पाऊस संपता संपता गरिकाय सेकुरूंच्या गावी गेला. दुनळी त्यानं तोवर हरारेच्या दुकानात परत दिली होती, आलं तेवढं घेऊन. सेकुरू कणगीच्या सावलीत फावड्याचा दांडा तासत बसले होते. एक पाय पुढं काठीसारखा ताठ. तो आता वाकणार नव्हता आणि ते पुन्हा मागावर चालणार नव्हते. गरिकायनं खाली बसून टाळ्या वाजवून नमस्कार केला. आंबुया, म्हणजे मामी, दारात होत्या. त्यांनी साड्झाची, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीची, ताटली आणि पालेभाजी त्याच्यापुढं ठेवली आणि एक शब्द न बोलता आत गेल्या.

"तळावर सांगितलंस म्हणे सगळं," सेकुरू म्हणाले.

"हो. तुम्ही फेरेराला खोटं का सांगितलंत?"

"तुझा परवाना आला तेव्हा मी गावजेवण घातलं होतं. दोन बकरे कापले. भाचा शिकारी झाला म्हणून साऱ्या डांडे भागात सांगत फिरलो. आता कुठल्या तोंडानं सांगू? बकरे परत थोडेच उभे राहणार होते." ते हसले, पण लगेच थांबले. "मलाही लाज वाटली, पोरा. तुझ्या एकट्याचीच आहे असं समजू नको."

"दुकानाबाहेर मी जे बोललो..."

"ते खरं होतं. मी कधी चालवली नाही." त्यांनी दांड्यावरून हात फिरवला, एक कुसळ टोचलं तिथं पुन्हा पटाशी लावली. "पण खरं होतं म्हणून ते लागलं नाही असं नाही."

गरिकायला माफ करा म्हणायचं होतं. ते त्यानं म्हटलंही, पण इतक्या हळू, की सेकुरूंनी ऐकलं की नाही त्याला कळलं नाही.

तो दोन दिवस राहिला. शेळ्यांचं कुंपण पावसात आडवं झालं होतं, ते त्यानं नव्यानं घातलं, खड्डे खणून मोपाने झाडाचे वासे रोवले. आंबुया येत-जात होत्या, पाणी ठेवत होत्या, बोलत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना त्या कमरेवर हात ठेवून कुंपणाजवळ उभ्या राहिल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"तो तिसरा वासा तिरका आहे," त्या म्हणाल्या.

"हो," म्हणून गरिकायनं तो उपटला आणि खड्डा पुन्हा खणायला घेतला.