तळघरात मात्र ओरडायचं

मी एक जुना सरकता रॅक आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात, जिथे भर दुपारीही दिवे लावावे लागतात, तिथे आम्ही भावंडे रुळांवर एकमेकांना चिकटून उभी आहोत. आमच्यामध्ये वाट एकच. टोकाचे चाक फिरवले की ती एका ठिकाणी मिटते आणि दुसऱ्या ठिकाणी उघडते.

मित्रांनो, कारखान्यात माझे पत्रे वाकवले, करडा रंग दिला आणि चाकाचे दाते असे बसवले की एका हाताने मणामणांचे ग्रंथ हलावेत. सगळ्यांनी त्याचे कौतुक केले. पलीकडे काय दाबले जात आहे हे त्या हाताला कळत नाही, हे मात्र कुणी बोलले नाही.

ते इथल्या जुन्या ग्रंथपाल बाईंच्या लक्षात आले. नवे प्राध्यापक आणि ग्रंथपाल होऊ पाहणारे उमेदवार रुजू झाले की त्यांना तयार करण्याचे काम बाईंचे. वरच्या दालनात त्या हलक्या आवाजात संदर्भ कसे शोधावेत ते सांगत. जिना उतरला की त्यांचा आवाज बदले. एकाला त्या माझ्या वाटेत आत उभे करत, दुसऱ्याच्या हाती चाक देत आणि म्हणत, “आता मारा हाक.”

“बाई, ग्रंथालयात ओरडायचं?” एका नव्या प्राध्यापकांनी संकोचून विचारले.

“वर नाही. तळघरात मात्र ओरडायचं. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवता ना? मग इथेच काय घसा बसला?”

“आणि उत्तर आलं नाही तर?”

“तर चाक सोडायचं आणि आत जाऊन बघायचं. वाचणाऱ्याला हाक ऐकू येत नसते.”

बाईंची शेवटची उमेदवार धाकटी. सगळ्यांत लहान म्हणून हे नाव पडले. तिची हाक जिन्यापर्यंत जाई. बाई म्हणत, “पोरीनं माझं नाव राखलं.”

बाई निवृत्त झाल्या. नव्या प्रमुखांच्या कानावर धाकटीची हाक पडली. ते खाली आले. “बाजार मांडलाय का इथे? नोकरीत कायम व्हायचंय ना तुम्हाला?” दुसऱ्या दिवशी माझ्या चाकाशेजारी पाटी लागली, ‘शांतता राखा.’ नव्यांचे शिक्षणही वरच उरकू लागले, पडद्यावर चित्रे दाखवून. धाकटी तळघरात कुजबुजू लागली. मला ते ऐकवत नसे.

एके दुपारी ती माझ्या वाटेत अगदी आत, जमिनीवर बसून जुने प्रबंध लावत होती. एक नवे प्राध्यापक खाली उतरले. त्यांनी पाटी वाचली. भला माणूस. त्यांनी हळूच विचारले, “कुणी आहे का?”

“आहे हो,” धाकटी तितक्याच हळू म्हणाली.

त्यांना काहीच ऐकू आले नाही. त्यांनी चाक फिरवले.

मी सरकलो. सरकणे एवढेच मला येते. ती धडपडून उठली, तोवर वाट तिच्या खांद्यांएवढी उरली होती. तिने हात आडवा घातला. तो आमच्यात सापडला, तेव्हा कुठे ती ओरडली. चाक थांबले.

हात मोडला, जीव वाचला. प्रमुखांनी विचारले, “तुम्ही उत्तर का दिलं नाही?”

“दिलं होतं, सर. शांततेत दिलं.”

प्रमुखांनी पाटी काढली नाही. धाकटीला वरच्या टेबलावर बसवले. प्लास्टर निघाले तरी ती वरच आहे. नव्यांना खाली न्यायची परवानगी ती मागते, आणि ‘बघू’ हे उत्तर घेऊन परतते.

आज नवी तुकडी रुजू झाली आहे. त्यांतली एक उमेदवार माझ्या वाटेत वाचत बसली आहे, पुस्तकात नाक खुपसून. जिन्यावर पावले वाजत आहेत. कुणीतरी पाटीपाशी थांबले आहे.

मित्रांनो, मला हाक मारता येत नाही आणि थांबताही येत नाही. ही दोन्ही कामे तुमची आहेत. निर्जीव वस्तूवर हात ठेवताना पलीकडच्या जिवाची खात्री करून घ्या. शांततेला उत्तर समजू नका.

माझ्या चाकावर हात पडला आहे. अजून कुणी हाक मारलेली नाही.